उंदीर शिकत नाही? आधी या चुका टाळा

प्रयोगशाळेत उंदराला शिकवायचं असतं ते, आवाज झाला की खाण्याची गोळी मिळते, एवढं साधं नातं. तरीही दहा दिवस आलेखाची रेघ आडवीच राहिली, की विद्यार्थी उंदराला नाहीतर त्याच्या जनुकांना दोष देतात. बहुतेक वेळा घोळ आपलाच असतो.

आधी वजन बघा. पोट भरलेला उंदीर गोळीसाठी का धावेल? पोटभर खातानाच्या वजनाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर त्याला ठेवतात, म्हणजे २५ ग्रॅमचा उंदीर साधारण २१-२२ ग्रॅमवर. तिथवर हळूहळू आणायचं, रोज ठरल्या वेळी तोलायचं, पाणी मात्र कायम. वाढत्या वयाच्या पिल्लाला महिन्यापूर्वीचं वजन लावलंत, तर त्याला नकळत उपाशी माराल. एकाच पिंजऱ्यात चौघे असतील तर दांडगा उंदीर बाकीच्यांचं खाऊन टाकतो. आणि हे सगळं प्राणी नीतिसमितीच्या मंजुरीत बसायला हवं.

नवं खाणं उंदीर आधी हुंगतो, मग कुरतडतो. म्हणून प्रयोगाआधी दोन-तीन दिवस त्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या त्याच्या घरच्या पिंजऱ्यातच टाका.

मला सगळ्यात जास्त फसवलंय ते डिस्पेन्सरच्या, म्हणजे गोळी टाकणाऱ्या यंत्राच्या ‘खट्ट’नं. उंदीर टुणकन खाद्यपात्राकडे जायचा, आम्ही खूश. प्रत्यक्षात तो आमचा इशाऱ्याचा सूर नव्हे, यंत्राची मोटर ऐकत होता. त्यामुळे गोळी पडण्याआधीच्या दहा सेकंदांतलं, सूर चालू असतानाचं खाद्यपात्रात डोकावणं मोजा आणि त्यातून सुराआधीच्या दहा सेकंदांतलं वजा करा. तुलनेच्या गटाला सूर आणि गोळी दोन्ही द्या, पण एकमेकांशी संबंध न ठेवता. मानसशास्त्रज्ञ रेस्कोर्लानं १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता. दोन सुरांमधलं अंतरही फार आखडू नका. दहा सेकंदांच्या सुराला सरासरी दोन मिनिटं, तीही कमीजास्त करत.

सी३एच जातीच्या उंदरांना दिव्याचा इशारा देऊ नका, त्यांची दृष्टी लहानपणीच जाते. सी५७ जातीचे उंदीर म्हातारे झाले की उंच पट्टीचे सूर त्यांना ऐकू येईनासे होतात. शेपटीला धरून उचलणंही सोडा, नळीतून न्या; घाबरलेला उंदीर कोपरा सोडत नाही.

आणि रोज गोळी अडकली नाही ना, ते बघा. मोटर फिरते, संगणक ‘बक्षीस दिलं’ अशी नोंद करतो आणि पात्र रिकामं असतं. त्या दिवशी उंदीर शिकतो ते इतकंच, की सुराला काही अर्थ नाही.