हातात धरलेली रॅट आणि बिघडलेली साखर

एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षी मी एका वनस्पतीच्या अर्काचा रक्तातल्या साखरेवरचा परिणाम तपासत होते. कंट्रोल गटात सहा विस्टार जातीच्या रॅट (प्रयोगशाळेतले मोठे उंदीर). त्यांना औषध काहीच नव्हतं, तरी एकीची साखर ९२ तर दुसरीची १४८! ग्लुकोमीटर बदलला, पट्ट्या बदलल्या. "टोकाचे आकडे वगळून टाक," असा सल्लाही मिळाला, पण मन मानेना. शेवटी अॅनिमल हाऊसमधल्या काकांनी वही चाळली. "ताई, शेवटी धरलेल्यांचीच वाढलीय बघा."

खरंच तसं होतं. मी एकाच पिंजऱ्यातून एकेक रॅट काढत होते. शेवटचीची पाळी येईपर्यंत अर्धा तास उलटायचा आणि तोवर बाकीच्यांची धडपड ती ऐकत, हुंगत बसलेली असायची.

जनावर घाबरलं की अॅड्रेनलिन लगेच सुटतं, यकृतात साखरेचा साठा म्हणून असलेलं ग्लायकोजेन फुटतं आणि साखर चढते. कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक; रॅटमध्ये आपल्या कॉर्टिसॉलचं काम मुख्यतः हेच करतं) थोडं मागून, साधारण तीन मिनिटांनी रक्तात वाढलेलं दिसतं. त्याची मूळ पातळी हवी असेल तर त्याआधी नमुना हातात हवा. ही मिनिटं सुई टोचल्यापासून नाही, पिंजरा हलल्यापासून मोजायची. ताण लांबला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात, आणि नवखा माणूस जंतुसंसर्ग शोधत बसतो. रक्तासाठी शेपटी पिळलीत तर तांबड्या पेशी फुटून सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) गुलाबी होतं. पेशींतलं पोटॅशियमही त्यात मिसळतं, मग त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

म्हणून औषधाला हात लावण्याआधी निदान आठवडाभर नुसती हाताळणी करा. एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, रोज काही मिनिटं. माइस (छोटे उंदीर) असतील तर शेपटीने उचलूच नका. ओंजळीत किंवा नळीतून उचललेले माइस कमी घाबरतात, हे जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिलंय. रक्त रोज ठरावीक वेळीच घ्या, कारण कॉर्टिकोस्टेरॉन सकाळी कमी असतं आणि संध्याकाळकडे चढतं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आधी सगळा कंट्रोल, मग औषधाचा गट, असं केलंत तर फरक औषधाचा की भीतीचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी हातात घेतलेली प्रत्येक रॅट ताठ व्हायची, तळव्यावर लेंड्या टाकायची. आठवड्याने रक्त घेतलं तेव्हा शेवटचीची साखर ९६ आली. तेवढा वेळ ती माझ्या अॅप्रनच्या बाहीत नाक खुपसून होती.