कांदेलारियाच्या सणासाठी घरचे तामालेस

मेक्सिकोत 6 जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, रोस्का नावाचा कड्यासारखा गोड पाव कापतात, आणि ज्याच्या तुकड्यात बाळ येशूची इवलीशी मूर्ती निघते, त्याने 2 फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सर्वांना तामालेस खाऊ घालावेत अशी रीत आहे. नाताळच्या आदल्या रात्रीही हेच पक्वान्न रांधले जाते. मक्याच्या पिठात सारण भरून ते पानात गुंडाळायचे आणि वाफवायचे, असा हा प्रकार आहे. मात्र तामाल साधतो की फसतो हे सारणापेक्षा पिठावर ठरते.

हे पीठ म्हणजे साधे मक्याचे पीठ नव्हे. मक्याचे दाणे खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, मग चोळून धुतात आणि वाटतात. या संस्कारामुळे दाण्यावरचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधले गेलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. आपल्याकडचे भाकरीचे पीठ वापरल्यास पान उघडताच तामाल विस्कटेल, म्हणून चुन्याचा संस्कार झालेले, ‘मासा आरिना’ या नावाने मिळणारे पीठच आणावे.

सुमारे 30 नगांसाठी डुकराच्या खांद्याचे 1 किलो मांस कांदा, लसूण आणि मीठ घालून दोन तास मंद आचेवर शिजवावे, त्याचे तंतू सोडवावेत आणि पाणी जपून ठेवावे. 8 ग्वाहियो आणि 3 आंचो या वाळलेल्या मिरच्या बिया काढून तव्यावर क्षणभर शेकाव्यात. करपल्या तर रस्सा कडवट होतो. त्या गरम पाण्यात 20 मिनिटे भिजवून लसूण व जिऱ्यासह वाटाव्यात, गाळाव्यात, थोड्या चरबीत परताव्यात आणि त्यात मांस घालून सारण दाटसर होईपर्यंत आटवावे. कोंबडीचे मांसही चालते.

आता खरे काम. 225 ग्रॅम डुकराची चरबी पांढरी आणि हलकी होईपर्यंत फेटावी. ती वर्ज्य असल्यास वनस्पती तूप घ्यावे. त्यात 500 ग्रॅम पीठ, 2 चमचे बेकिंग पावडर आणि 2 चमचे मीठ घालून मांसाचे सुमारे 750 मिलिलिटर कोमट पाणी थोडे थोडे ओतत जावे आणि फेटणे थांबवू नये. पिठाची छोटी गोळी वाटीभर थंड पाण्यात टाकून पाहावी: ती तरंगली तर पीठ तयार झाले, बुडाली तर अजून फेटायला हवे. घाईत ही परीक्षा टाळू नये, कारण न फेटलेल्या पिठाचा तामाल घट्ट आणि जड होतो.

कणसाची वाळलेली पाने तासभर गरम पाण्यात भिजवावीत. पानाच्या गुळगुळीत बाजूवर पिठाचा पातळ थर पसरावा, मध्ये चमचाभर सारण ठेवावे, दोन्ही कडा एकमेकींवर आणाव्यात आणि निमुळते टोक खाली दुमडावे. ओआहाका आणि युकातान या मेक्सिकोतील राज्यांमध्ये केळीची पाने वापरतात. कोकणात पानगी करणाऱ्यांना ती हाताळणे नवे नाही, फक्त दुमडताना फाटू नयेत म्हणून आधी ती आचेवर शेकून मऊ करावीत.

मोठ्या मोदकपात्रात तामालेस उघडे तोंड वर करून उभे रचावेत आणि सव्वा ते दीड तास वाफवावेत. तळाच्या पाण्यात एक नाणे टाकण्याची तिथली युक्ती फार उपयोगी आहे: पाणी उकळते आहे तोवर ते खडखडते, आवाज थांबला की आणखी उकळते पाणी घालावे. शेवटी एक तामाल काढून दोन मिनिटांनी उघडावा. पान पिठापासून स्वच्छ सुटले तर तो शिजला. मग बाकीचे 15 मिनिटे तसेच मुरू द्यावेत आणि चांपुर्रादो या कोको घातलेल्या दाट, गरम पेयाबरोबर वाढावेत.