पूल, म्हणजे स्टिकने टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ, सुधारायचाय? मुंबईत कोच कसा शोधायचा ते सांगतो

पूल पार्लरमध्ये वर्षानुवर्षं खेळून एका लेव्हलला अडकलेली मंडळी खूप आहेत, म्हणजे सरळ बॉल जातात, बरे कट, म्हणजे तिरके शॉटही जातात, पण सलग चार-पाच घेऊन टेबल साफ करायचं म्हटलं की तिसऱ्या बॉलला व्हाइट (स्टिकने मारायचा पांढरा बॉल) भलतीकडेच जाऊन बसतो आणि मग पुढचा अर्धा तास नशिबावर. यूट्यूब कितीही बघा, तुमचं कोपर कुठे हलतंय ते तिथून कोणी सांगणार नाही. त्यासाठी शेजारी उभा राहून बघणारा माणूस लागतो. अडचण एवढीच की क्रिकेटचे क्लास जसे गल्लीगल्लीत आहेत तसं पूलचं नाही, इथे पाटी लावून बसलेला कोच सहज सापडत नाही, विचारत विचारत पोचावं लागतं.

शोधायच्या आधी एक काम करा, आपलं नक्की काय बिघडलंय ते थोडंफार स्वतः बघून घ्या, कारण 'सर गेम इम्प्रूव्ह करायचाय' एवढंच बोललात तर समोरचा पण ग्रिपपासून सुरू करेल आणि दोन तास तिथेच जातील. दुपारी पार्लर रिकामं असतं तेव्हा एकटे जा. व्हाइट हेड स्पॉटवर ठेवा, म्हणजे ब्रेक मारतो त्या रेषेच्या मधोमध, आणि समोरच्या छोट्या कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) मधल्या डायमंडवर, म्हणजे कडेवरच्या खुणेवर, सरळ मारा. दुसरा बॉल नको. मारल्यावर स्टिक उचलायची नाही, जिथे थांबली तिथेच धरून ठेवायची, बॉल कुशनला लागून परत टिपवर, म्हणजे स्टिकच्या टोकावर आला पाहिजे. मधल्या डायमंडला नीट लागूनही तो उजवीकडे परत येत असेल तर तुम्ही नकळत उजवी साईड (बॉलला बाजूची फिरकी) लावताय, डावीकडे आला तर डावी. दहा वेळा मारून बघा, बहुतेकांचा बॉल दरवेळी एकाच बाजूला जातो, आणि हे कळलं की अर्धं निदान कोचशिवायच झालं.

दुसरं म्हणजे स्टॉप शॉट. ऑब्जेक्ट बॉल (जो पॉकेटात घालायचाय तो) पॉकेटच्या सरळ रेषेत, व्हाइट दोन-अडीच फुटांवर, पॉट करायचा आणि व्हाइट जागच्या जागी थांबला पाहिजे. पुढे सरकला तर बॉलला लागेपर्यंत तो लोळायला लागला होता, म्हणजे टिप वर लागली किंवा शॉट हळू होता. बाजूला सरकला तर ऑब्जेक्ट बॉल फुल, म्हणजे अगदी मधोमध, लागलेला नाही, तो पॉकेटात गेला तो पॉकेट मोठं आहे म्हणून. आणि थांबला पण भोवऱ्यासारखा जागेवर फिरत राहिला तर साईड आहेच. कोणीतरी मित्र धरून मोबाईलवर स्लो मोशन काढून घ्या, एक समोरून शॉटच्या रेषेत, एक बाजूने कोपराच्या उंचीवर. हे दोन व्हिडिओ खिशात असले की कोचशी पहिलं बोलणं एकदम मुद्द्यावर येतं.

आता माणूस शोधायचा कुठे. पहिली जागा म्हणजे तुमचंच पार्लर, पण तिथे 'सगळ्यात भारी कोण खेळतं' असं विचारू नका, 'कोणाकडून शिकून कोणाचा गेम सुधारलाय' असं विचारा. उत्तरं वेगळी येतात. भारी खेळणारा पोरगा बऱ्याचदा लहानपणापासून खेळतोय आणि त्याला स्वतःलाच माहीत नसतं तो काय करतो, विचारलंत तर म्हणेल 'अरे बस फील घे आणि मार'. ऐकायला मस्त, कामाचं काही नाही.

दुसरी जागा जिमखाने आणि क्लब. मरीन ड्राइव्हला जिमखान्यांची रांगच आहे, मग खार, माटुंगा, चर्चगेटचं सीसीआय (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया), अशा जुन्या ठिकाणी मेंबरशिपचा प्रश्न येतो हे खरं, पण कोणी ओळखीचं मेंबर असेल तर गेस्ट म्हणून एकदा जाऊन या, कारण बिलियर्ड्स रूममध्ये मार्कर नावाचा माणूस असतो. स्कोअर लावणं, टेबलावर ब्रश मारणं, बॉल पुसणं हे त्याचं काम, पण जोडीला कोणी नसेल त्या मेंबरबरोबर खेळणं हे पण त्याचंच काम, त्यामुळे वीस-वीस वर्षं त्याने साहेब लोकांचे वाकडे स्ट्रोक बघितलेले असतात. अशा माणसाला दोन फ्रेम बघून कळतं की तुमचं डोकं शॉट मारताना वर येतंय. क्लबच्या वेळेत तो बाहेरच्याला शिकवणार नाही, ते त्याच्या नोकरीचं आहे, पण 'काका, सुट्टीच्या दिवशी बाहेर कुठे तास घेता का, नाहीतर कोणी चांगला माहितीये का' एवढं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. काका स्वतः नाही आले तरी नाव योग्य देतील, कारण या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखून असतात.

तिसरी जागा स्पर्धा. बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र राज्याच्या स्पर्धा घेते, क्लबांच्या ओपन टुर्नामेंटही होतात, तिथे प्रेक्षक म्हणून जाऊन बसा. मॅच कमी बघा आणि मॅच संपल्यावर हरलेला पोरगा कोणाकडे जातो ते बघा. तो जो माणूस कोपऱ्यात त्याच्याशी शांतपणे बोलतो, हाताने कोन दाखवतो, त्याचा नंबर घ्या.

इथे एक गोष्ट आधीच डोक्यात क्लिअर ठेवा, मुंबईत जो कोच मिळेल तो जवळपास नक्की स्नूकर किंवा बिलियर्ड्समधून आलेला असेल. आपल्याकडे परंपराच ती आहे. मुंबईचे विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक अमॅच्युअर चॅम्पियन झाले, पुढे शिकवलं, 1996 ला द्रोणाचार्य मिळालं. बिलियर्ड्स-स्नूकरचा जागतिक विजेता पंकज अडवाणी, त्याचे कोच अरविंद सवूर, तेही त्याच मुशीतले, त्यांनाही द्रोणाचार्य. मग स्नूकरवाला पूल शिकवू शकतो का? पायाभूत सगळं शिकवू शकतो आणि खरं सांगायचं तर जास्त कडक शिकवतो. स्नूकरचं टेबल बारा फुटी, पॉकेटची तोंडं गोलाकार आणि अरुंद, बॉल 52.5 मिलिमीटरचा, तिथे स्टिक केसभर वाकडी गेली तर लांबचा पॉट गेलाच म्हणून समजा, त्यामुळे स्टान्स, डोकं स्थिर ठेवणं, स्टिक सरळ काढणं यावर ते लोक जीव काढतात. पूलच्या नऊ फुटी टेबलावर 57 मिलिमीटरचे बॉल आणि मोठी पॉकेट, तिथे ही शिस्त नुसती बोनस आहे.

पण जिथे गेम वेगळा होतो तिथे जरा तपासा. ब्रेक घ्या, स्नूकरमध्ये ब्रेक म्हणजे हळूच लाल चाटून व्हाइट परत बॉक कुशनला (जिथून मारला त्या बाजूच्या कडेला) आणायचा, आणि पूलमध्ये पूर्ण ताकदीने रॅक (एकत्र लावलेले बॉल) फोडून व्हाइट टेबलाच्या मधोमध थांबवायचा. दोन पूर्ण वेगळ्या हालचाली आहेत. स्टिकची टिप तिकडे नऊ-दहा मिलिमीटरची, इकडे बारा-तेराची, म्हणून साईड लावली की व्हाइट सुरुवातीला किती बाजूला पळतो ते प्रत्येक स्टिकचं वेगळं. नाइन बॉल या पूलच्या प्रकारात क्रम ठरलेला असतो, एकनंतर दोनच, त्यामुळे आता कुठला घ्यायचा हा प्रश्नच नाही, पुढच्या बॉलच्या कुठल्या बाजूला उतरायचं हाच सगळा गेम. एट बॉलमध्ये उलटं, सॉलिड (पूर्ण रंगाचे बॉल) की स्ट्राइप (पट्ट्याचे) इथपासून डोकं लावायचं, चिकटलेले बॉल कधी फोडायचे, काळ्याच्या आधीचा शेवटचा बॉल कुठला ठेवायचा. कोचला सरळ विचारा, 'सर, तुम्ही स्वतः नाइन बॉल किंवा एट बॉल स्पर्धेत खेळलायत का?' राष्ट्रीय स्पर्धांमध्ये पूलचे प्रकार पण असतात, तेव्हा दोन्ही खेळलेली माणसं आहेत. नसेल खेळला तरी बाद करू नका, त्याच्याकडून स्ट्रोक शिका आणि पॅटर्न दुसऱ्याकडून, बरेच जण असंच करतात.

सर्टिफिकेटचं थोडक्यात: अमेरिकेत पूल इन्स्ट्रक्टरची पीबीआयए ही संघटना आहे, स्नूकरमध्ये डब्ल्यूपीबीएसए या जागतिक व्यावसायिक संघटनेचे कोचिंग कोर्स आहेत, असं काही कोणाकडे असेल तर चांगलंच, नसेल म्हणून माणूस कच्चा असं काही नाही.

आता पहिला तास. महिन्याचं पॅकेज आधी घेऊच नका, एकच तास पैसे देऊन घ्या आणि त्या तासात तुम्ही त्याला तपासताय हे लक्षात ठेवा. चांगला कोच पहिली दहा-पंधरा मिनिटं जवळपास काही बोलत नाही. मागे जाऊन उभा राहतो, मग समोर टेबलाच्या पलीकडे वाकून डोळे कुशनच्या लेव्हलला आणून तुमची स्टिक बघतो, मग बाजूला येतो. दोन-चार प्रश्न विचारतो, चष्मा आहे का, कुठला डोळा जास्त चालतो, पाठीचं काही दुखणं आहे का (ऑफिसला बसून बसून अर्ध्या मुंबईची कंबर गेलीये, त्यांना पुस्तकातला वाकलेला स्टान्स जमणारच नाही, आणि समजदार कोच त्याप्रमाणे बदल सुचवतो). मग तो एकच गोष्ट बदलतो. एकच. आणि ती बदलल्यावर लगेच असा एखादा ड्रिल देतो ज्यात बरोबर झालं की चूक ते तुमचं तुम्हालाच दिसतं, उदाहरणार्थ टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात काचेला न लागता स्टिक आतबाहेर करायची. टक्क आवाज आला की कळतं, सरांनी सांगायची गरज नाही. माझ्या मते कोच पारखायची हीच एक खूण पुरेशी आहे: तो नसताना तुम्हाला स्वतःची चूक पकडता येईल असं काहीतरी तो हातात देतो का. जो प्रत्येक शॉटनंतर फक्त 'नाही नाही, परत' म्हणतो त्याच्याकडे तुम्ही त्याच्या नजरेवर अवलंबून राहता, तो घरी गेला की तुमचा गेम पण घरी.

पळ काढायच्या खुणा पण सांगतो. पहिल्याच दिवशी स्टिक विकायला काढणारा, 'या स्टिकने होणारच नाही, माझ्याकडे एक आहे' वगैरे. पार्लरची स्टिक वाकडी असते हे खरंय, ती टेबलावर लोळवून सरळ तेवढी निवडा, शिकायला पुरते. एका दिवसात ग्रिप, ब्रिज (स्टिकला आधार देणारा पुढचा हात), स्टान्स सगळं उलटंपालटं करणारा. तासभर स्वतःच ट्रिक शॉट मारून दाखवणारा. आणि सगळ्यात डेंजर तो 'चल शंभर-शंभर लावून खेळू, हरशील तसं शिकशील' म्हणणारा, तो कोच नाही, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक आहात. शाळकरी पोरांसाठी शोधत असाल तर पार्लर स्वतः जाऊन बघा, संध्याकाळी एकदा आणि रात्री एकदा.

पैशाचं आधीच बोलून घ्या, लाजू नका. कोचची फी वेगळी आणि टेबलचा तासाचा रेट वेगळा असतो, बऱ्याच जणांना हे बिल आल्यावर कळतं. टेबल कोण देणार, तास म्हणजे साठ मिनिटं धरायची की रॅक लावण्यातच दहा जाणार, ऐनवेळी लोकल बंद पडून तुम्ही पोचला नाहीत तर फी जाते की पुढे ढकलतात, हे सगळं विचारा. बरं, कोच विरारला आणि तुम्ही चेंबूरला असाल तर कितीही भारी असू दे, पावसाळ्यात दोन आठवडे जाल आणि सोडाल. त्याला विचारा तुमच्या जवळच्या पार्लरमध्ये येईल का, पार्लरवाले दुपारच्या डल टायमाला टेबल कमी रेटने द्यायला बहुतेक तयार होतात कारण तसंही ते रिकामंच असतं. टेबल कुठलं आहे ते पण बघा, जून ते सप्टेंबर एसी नसलेल्या हॉलमध्ये कापड दमट होतं, बॉल जड चालतो, तिथे शिकलेली ताकद एसीच्या टेबलावर जास्त पडते.

दर आठवड्याला तास घेण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एक घ्या आणि मध्ये दोन-तीनदा एकटे जाऊन तेवढा एकच ड्रिल मारा, मॅच न खेळता. पहिले काही आठवडे तुमचा गेम बिघडेल, ज्यांना हरवत होतात ते हरवतील आणि चिडवतील पण, जुनी सवय सुटताना असं होतंच, त्यात कोच बदलू नका. पण दोन-तीन महिने नीट प्रॅक्टिस करूनही मघाच्या त्या दोन टेस्ट जशाच्या तशा येत असतील, व्हाइट अजून उजवीकडेच परत येत असेल, तर सरांना स्पष्ट विचारा की काय चुकतंय. नीट उत्तर आलं तर थांबा, 'होईल होईल' आलं तर दुसरा बघा. फी परवडत नसेल तर तुमच्याच लेव्हलचा एक मित्र घेऊन दोघांत एक तास करा, एक मारतो तेव्हा दुसरा व्हिडिओ काढतो, आणि टेबलचे पैसे पण निम्मे.