बीफ की बेकन? आकडे मांडताना या चुका टाळा

अमेरिकेत नव्यानेच आलेल्या एका मित्राने कीटो (पिष्टमय पदार्थ जवळपास बंद, चरबी भरपूर असा आहार) सुरू केलं आणि पंधरा दिवसांत मला फोन आला. "अरे, बेकनमध्ये बीफच्या दुप्पट प्रोटीन आहे. मग मी खिमा कशाला खातोय?" बेकन म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या. त्याच्या ॲपमध्ये तसं दिसतही होतं. १०० ग्रॅम बेकनमध्ये ३५ ग्रॅम प्रोटीन, १०० ग्रॅम खिम्यात १७. दोन्ही आकडे बरोबर. फक्त बेकन तळलेलं होतं आणि खिमा कच्चा.

बीफ आणि बेकनची तुलना फसते ती बहुतेक वेळा इथेच, म्हणून यावर जरा थांबू या.

कच्चं आणि शिजलेलं एका ओळीत मांडणं

मी एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून बसलो. बेकनच्या चार कच्च्या पट्ट्या भरल्या ११० ग्रॅम. कुरकुरीत होईपर्यंत तव्यावर ठेवल्या, कागदावर निथळल्या, पुन्हा काट्यावर घातल्या: ३६ ग्रॅम. उरलेलं गेलं कुठे? थोडं वाफेत आणि बाकीची चरबी तव्यात. बेकन तळल्यावर साधारण एक तृतीयांश उरतं. पाणी आणि चरबी गेल्यावर मागे राहिलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रोटीन दाटलेलं दिसणारच. आपल्याकडे मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवून चान्या करतात, त्यांचंही तसंच. वजन घटतं, प्रोटीन तेवढंच राहतं, आणि १०० ग्रॅमचा आकडा एकदम फुगतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत कच्च्या बेकनला १०० ग्रॅममागे १२-१३ ग्रॅम प्रोटीन आहे आणि कॅलरी ४०० च्या आसपास. ८०-२० खिमा (म्हणजे २० टक्के चरबीचा) कच्चा असताना २५४ कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रोटीन देतो. शिजवून तुलना करायची तर त्याच खिम्याच्या भाजलेल्या पॅटीत २७० कॅलरीमागे जवळपास २६ ग्रॅम प्रोटीन मिळतं. तळलेल्या बेकनमध्ये ३५ ग्रॅम मिळतं, पण त्यासाठी ५०० च्या घरात कॅलरी मोजाव्या लागतात. १०० कॅलरीमागे हिशेब केला तर पॅटी साडेनऊ ग्रॅम देते, बेकन सात. मित्राचं "दुप्पट" तिथेच संपलं.

या गोंधळात लेबलंही भर घालतात. अमेरिकेत बेकनच्या पाकिटावर "दोन तळलेल्या पट्ट्या" असं माप असतं, तर खिम्याच्या डब्यावर ११२ ग्रॅम कच्चा खिमा. दोन्ही पाकिटं फ्रिजमध्ये शेजारी असली तरी त्यांची मापं एका जातीची नाहीत.

ॲपमधली नोंद कोणती आहे याची शंका आली तर आधी प्रोटीन बघा. १०० ग्रॅमला १२-१३ दिसलं तर बेकन कच्चं, ३४ ते ३७ दिसलं तर तळलेलं. ८०-२० खिम्यात १७ म्हणजे कच्चा, २५-२६ म्हणजे शिजलेला. भलताच तिसरा आकडा आला तर ती नोंद कुणीतरी अंदाजाने भरलेली आहे किंवा माल वेगळा आहे. ती सोडा आणि पाकिटावरचा आकडा घ्या.

तव्यातली चरबी विसरणं

तळलेल्या बेकनचा आकडा चरबी निथळून गेली असं धरूनच काढलेला असतो. तुम्ही त्याच चरबीत अंडी फोडली किंवा बटाटे परतले, तर ती पुन्हा ताटात आली. एक मोठा चमचा चरबी म्हणजे ११५ कॅलरी. मित्राचं वजन का हलत नव्हतं याचं अर्धं उत्तर गॅसशेजारी चरबी साठवून ठेवलेल्या मगमध्ये होतं!

"बीफ" म्हणजे नेमकं काय?

९० टक्के लीन (म्हणजे बिनचरबीच्या) कच्च्या खिम्यात १० ग्रॅम चरबी, ८०-२० मध्ये २०. एकाच दुकानात, एकाच फळीवर दुप्पट फरक. बेकनमध्येही तेच: अमेरिकन बेकन पोटाच्या मांसाचं, ब्रिटिश बॅक बेकन पाठीकडचं आणि बरंच कमी चरबीचं. हलाल दुकानात बीफ बेकन मिळतं, ते गाईबैलाचं असलं तरी खारवलेलंच. त्याचा हिशेब बेकनच्या खात्यात धरायचा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी तर अमेरिकन आकडे जसेच्या तसे उचलूच नयेत. १९७६ च्या कायद्याने गाईची आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल-वळूचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे राज्यातल्या दुकानात "बीफ" म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. ते बरंच कोरडं, म्हणजे कमी चरबीचं असतं: अमेरिकन तक्त्यात कच्च्या म्हशीच्या मांसाला १०० ग्रॅममागे जेमतेम दीड ग्रॅम चरबी आणि २० ग्रॅम प्रोटीन आहे. त्याच्यासमोर ८०-२० चा आकडा ठेवून "बीफ फॅटी असतं" म्हणणं म्हणजे गाईच्या दुधाच्या तक्त्यावरून खव्याबद्दल बोलणं.

१०० ग्रॅम कोण खातं?

१०० ग्रॅम तळलेलं बेकन म्हणजे बारा-तेरा पट्ट्या. नाश्त्याला माणूस दोन घेतो. त्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि ८५-९० कॅलरी, म्हणजे एक मोठा चमचा तुपापेक्षाही कमी. बेकनने माणूस जाडच होतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि बेकनवर प्रोटीनची भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही, की ८५ ग्रॅमच्या एका शिजलेल्या पॅटीत २२ ग्रॅम प्रोटीन असतं. माझ्या मते बेकन प्रोटीनसाठी नाहीच, ते चवीसाठी. लोणच्यासारखं वाढावं.

लोह, जस्त आणि बी-१२ मध्येही ताटातल्या मापाने बीफ फार पुढे आहे. त्या एका पॅटीत जवळपास दिवसभराचं बी-१२ आणि २ मिलीग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. दोन पट्ट्यांत लोह पाव मिलीग्रॅमसुद्धा भरत नाही. थायमिनमध्ये (म्हणजे बी-१ मध्ये) डुकराचं मांस बीफपेक्षा सरस आहे खरं, पण दोन पट्ट्यांपुरतं ते किती मिळणार!

मिठाचा हिशेब अर्धवट करणं

बेकनच्या दोन पट्ट्यांत ३०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलीग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात मात्र ६५-७० मिलीग्रॅमच. इथे बीफ जिंकतं, आणि मग आपण खिमा करायला घेतो. अर्धा किलो खिम्यात सपाट एक छोटा चमचा मीठ पडलं की २३०० मिलीग्रॅम सोडियम आत गेलं. चौघांत वाटलं तर माणशी ५७५, म्हणजे दोन पट्ट्यांपेक्षा बरंच जास्त. त्यात सोबत पापड असेल तर विचारूच नका.

कॅन्सरची बातमी चुकीची वाचणं

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात टाकलं. लगेच "बेकन सिगारेटइतकंच घातक" असे मेसेज फिरले. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. धोक्याचा आकडा वेगळा आहे: रोज ५० ग्रॅममागे, म्हणजे सहा पट्ट्यांमागे, आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्यावर लावायचे. समजा हजारात ५० जणांना होणार असेल, तर ५९ जणांना.

बीफही यातून सुटलेलं नाही. ताजं लाल मांस "बहुधा कारणीभूत" या खालच्या गटात आहे, आणि डुकराचं ताजं मांसही त्यातच येतं. शिवाय बीफ खारवलं, धुरावलं की ते बेकनच्याच रांगेत जातं: कॉर्न्ड बीफ, सलामी, गोव्यातली नाताळची खारवलेली जीभ. गोव्याची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, तीही तिकडेच.

एक शेवटची फसगत "अनक्युअर्ड" लेबलाची, म्हणजे मांस टिकवणारं नायट्राइट वेगळं घातलेलं नाही असं सुचवणाऱ्या लेबलाची. अशा बेकनमध्ये बहुतेक वेळा सेलरीच्या पावडरमधून नायट्राइट येतंच, आणि बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. टर्की बेकनमध्ये चरबी कमी असते, मीठ मात्र बहुधा डुकराच्या बेकनइतकंच. पाकीट उलटून सोडियमची ओळ वाचा, पुढच्या बाजूचं शेत आणि कोंबडा बघू नका.