घरचा वाय-फाय प्रिंटर हॅकरपासून वाचवायचाय? मग या चुका टाळा

इंदुरात आता सुदामा नगर घ्या नाहीतर लोकमान्य नगर, किती तरी घरांत इंक टँकवाला वाय-फाय प्रिंटर आलाय. पोरांचे प्रोजेक्ट, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख नंबर), मार्कशीट, आईचे ब्लड रिपोर्ट, सगळं त्याच्यातूनच निघतं. फोनला लॉक आहे, बँकेच्या ॲपला पिन आहे, पण प्रिंटरकडे कुणी बघतच नाही. अहो, तो पण छोटा कॉम्प्युटरच आहे, त्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, नेटवर्कवर स्वतःचा पत्ता आहे. आणि त्यात घुसायला कुणाला फार हुशारी लागत नाही, कंपनीतून जसा आला तसाच आपण ठेवलाय एवढं पुरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ॲडमिन पासवर्ड न बदलणं. खूप जणांना हे माहीतच नसतं की प्रिंटरचं स्वतःचं एक सेटिंगचं पान असतं जे ब्राउझरमधे उघडतं. प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्क सेटिंगमधे जा, किंवा स्क्रीन नसेल तर नेटवर्कची माहिती छापणारा कागद काढा (कुठलं बटण ते मॅन्युअलमधे असतं), त्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी नंबर दिसेल, तो मोबाइल किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमधे टाका. ब्राउझर कधी कधी "कनेक्शन सुरक्षित नाही" असं म्हणतो, घरातल्याच वाय-फायवर असाल आणि नंबर त्या कागदावरचाच असेल तर पुढे जायला हरकत नाही. आता बघा, पान उघडलं आणि पासवर्ड न मागता सगळी सेटिंग बदलता येतायत, तर तुमच्या वाय-फायवर असलेल्या कुणालाही ती बदलता येतात. स्कॅन थेट ईमेलवर जावं म्हणून तुम्ही तिथे ईमेलचा पासवर्ड टाकून ठेवला असेल तर तोसुद्धा धोक्यात.

पाठीमागच्या स्टिकरवर पासवर्ड छापलेला आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जून २०२५ मधे रॅपिड७ या सिक्युरिटी कंपनीने जाहीर केलं की ब्रदर कंपनीच्या शेकडो प्रिंटर मॉडेल्सचा फॅक्टरी पासवर्ड सीरियल नंबरवरून काढता येतो, आणि सीरियल नंबर नेटवर्कवरून मिळवता येतो. जुन्या मशीनमधे हे अपडेटने पूर्ण दुरुस्त होत नाही असं ब्रदरनेच सांगितलंय, म्हणजे उपाय एकच, पासवर्ड आपण बदलायचा. लांब ठेवा, डायरीत लिहून ठेवा, डायरी घरातच राहते, चालतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. भंवरकुआंच्या बाजूला कोचिंग आणि कॉलेजची मुलं वरच्या खोलीत भाड्याने राहतात, जाताना भाड्याचा हिशोब होतो पण वाय-फायचा पासवर्ड तोच राहतो, वर्षानुवर्षं, आणि मधल्या काळात तो दूधवाल्याच्या मुलापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांकडे गेलेला असतो. मुलं वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाहीये, पण त्यांच्या फोनमधे कुठलं ॲप आलंय ते त्यांनाही माहीत नसतं. राउटरमधे गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय) सुरू करा, किरायेदारांना आणि पाहुण्यांना तेच द्या, घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला आणि प्रिंटर त्या घरच्या नेटवर्कवरच ठेवा. मग वरच्या मुलाचं प्रिंट होत नाही अशी तक्रार येईल, येऊ दे, त्याने पीडीएफ व्हॉट्सॲप करावी आणि तुम्ही काढून द्यावी.

वाय-फायचा पासवर्ड बदलला की प्रिंटर "ऑफलाइन" होतो, आणि इथेच लोक घाबरून दोन चुका करतात. एक, प्रिंटर पूर्ण फॅक्टरी रीसेट करतात, म्हणजे ॲडमिन पासवर्ड परत कंपनीचा, बंद केलेलं सगळं परत चालू. त्यापेक्षा प्रिंटरच्या मेनूतून नुसता नवीन वाय-फाय पासवर्ड टाका. तरी दिसत नसेल तर कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून परत जोडा, आणि राउटरमधे त्याचा आयपी फिक्स करून ठेवा, मग लाइट जाऊन आली तरी पत्ता बदलत नाही.

दुसरी चूक फार महागात पडते. गूगलवर "प्रिंटर ऑफलाइन हेल्पलाइन" शोधायचं आणि जो पहिला नंबर येईल तो लावायचा. तिकडचा माणूस गोड बोलतो, एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो, स्क्रीन त्याच्या हातात जाते, मग "छोटी फी" भरायला सांगतो आणि तुम्ही पिन टाकताना तो बघत असतो. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगा, अगदी बसून सांगा. नंबर फक्त प्रिंटरच्या डब्यातल्या कागदावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरचाच लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

राउटरमधे पोर्ट फॉरवर्डिंगची यादी (बाहेरच्या इंटरनेटवरून घरातल्या मशीनपर्यंत येऊ देणारे दरवाजे, म्हणजे पोर्ट) पण एकदा उघडून बघा. ऑफिसातून घरी प्रिंट द्यायला कुणीतरी कधीतरी ९१००, ६३१ किंवा ५१५ पोर्ट उघडून दिलेला असतो. नोव्हेंबर २०१८ मधे एका हॅकरने असेच इंटरनेटवर उघडे पडलेले सुमारे ५० हजार प्रिंटर शोधून प्यूडीपाय या यूट्यूबरच्या प्रचाराचे कागद छापले होते, तेही ९१०० वरूनच. ती एंट्री काढून टाका, यूपीएनपी (मशीनला आपोआप पोर्ट उघडू देणारी राउटरमधली सोय) बंद करा.

फोनच्या वाय-फाय यादीत "डायरेक्ट" ने सुरू होणारं नाव दिसतं ना, तो प्रिंटरचा स्वतःचा वाय-फाय आहे, शेजारच्यांनाही दिसतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेल्समधे त्याचा पासवर्ड १२३४५६७८ असाच यायचा. वापरत नसाल तर बंदच करा. आणि जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ ला (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) जुळत नाही म्हणून राउटरची सिक्युरिटी ओपन करून ठेवू नका हो, डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिक्स मोड असतो, तो लावा.

प्रिंटरच्या सॉफ्टवेअर अपडेटचं म्हणाल तर करायचंच. परत भरलेली (रीफिल) कार्ट्रिज वापरणाऱ्यांची भीती खोटी नाही, अपडेटनंतर काही प्रिंटर दुसऱ्या चिपची कार्ट्रिज नाकारतात. टँकवाल्यांना मात्र ही अडचण नाही, त्यांनी ऑटो अपडेट चालूच ठेवावं.

आता विकताना. सिल्व्हर मॉलमधे, म्हणजे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, रिपेअरला दिला किंवा कुणाला विकला तर वाय-फायचा पासवर्ड त्याच्यात बसून जातो. २०२३ मधे कॅननने स्वतःच कळवलं की त्यांच्या जवळपास २०० इंकजेट मॉडेल्समधून नेहमीच्या रीसेटने वाय-फायची माहिती पुसली जात नाही. त्यांनी सांगितलेली पद्धत अशी: सगळी सेटिंग रीसेट करा, मग वायरलेस चालू करा, मग परत एकदा सगळं रीसेट करा. मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह काढून घ्या, काचेखाली आधारची मूळ प्रत राहिली नाही ना तेही बघा. आणि प्रिंटर बिघडलाय, चालूच होत नाहीये, रीसेट करता येत नाहीये, तर तो घराबाहेर गेला त्याच दिवशी वाय-फायचा पासवर्ड बदलून टाका.