नोकरी करणाऱ्यांसाठी जर्मनीची एपॉस शिष्यवृत्ती: अर्जाची तयारी कशी करावी

पावसाळा लागला की ओळखीतली इंजिनिअर मुलंमुली विचारायला लागतात, "ताई, इतके टक्के आहेत, बाहेर मास्टर्सची स्कॉलरशिप मिळेल का?" टक्के चांगले हवेतच. पण त्याआधी मी दोन तारखा विचारते: डिग्री कधी मिळाली आणि नोकरी कधी लागली?

ज्या एपॉस शिष्यवृत्तीवर मी शिकले, ती विकसनशील देशांत काम करणाऱ्यांसाठीच आहे. पैसा जर्मनीच्या आर्थिक सहकार्य आणि विकास मंत्रालयाचा, कारभार डीएएडीचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या जर्मन संस्थेचा, जिला सगळे 'डाड' म्हणतात. पदवीनंतर किमान २ वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी साधारण ६ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे २०२१ला बी.ई. होऊन लगेच कामाला लागलेल्या मुलीच्या हातात २०२३ ते २०२७ एवढाच काळ. लग्न, बदली, घराचं कर्ज यात ही वर्षं भराभर सरतात, म्हणून तारखा आजच कागदावर मांडा. अनुभव नसेल तर वाट वेगळी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिथे नोकरीची अट नाही.

एपॉसमध्ये कुठलाही विषय चालत नाही. ठरावीक अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी निघते. पाणी, नगररचना, वनं, ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य, अर्थशास्त्र असे विषय त्यात असतात. डॉर्टमुंडचा नियोजनाचा, कोलोनचा जलव्यवस्थापनाचा, ड्रेस्डेनचा उष्णकटिबंधीय वनांचा हे त्यातले जुने अभ्यासक्रम. अर्ज डाडकडे पाठवायचा नाही, थेट त्या अभ्यासक्रमाकडे पाठवायचा. डाडकडे गेलेला अर्ज पुढे सरकत नाही. मुदत प्रत्येकाची निराळी असते आणि काहींची ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच संपते, तीही पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी.

जास्तीत जास्त ३ अभ्यासक्रम निवडता येतात. पण हा अभ्यासक्रम का हवा हे सांगणारं प्रेरणापत्र एकच लिहायचं आणि त्यात पसंतीक्रम तसाच का, हे सांगायचं. पाणी, ऊर्जा आणि अर्थशास्त्र अशी तीन टोकं एका पत्रात पटवून देणं अवघड. माझ्या मते दोनच निवडा, एकमेकांना लागून असलेले.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती ऑफिसची कागदपत्रं. एक, अनुभवाचं प्रमाणपत्र, ज्यात पद आणि रुजू झाल्याची तारीख स्पष्ट हवी. दोन, साहेबांचं शिफारसपत्र: लेटरहेडवर, सही, शिक्का आणि ताजी तारीख. कंत्राटी कर्मचाऱ्यांकडे ११-११ महिन्यांच्या आदेशांची चळत असते आणि मधे खंड. ती चळत जशीच्या तशी पाठवली, तर कोलोनमध्ये बसलेल्या माणसाला त्यातून काही उमगणार नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक काम केलं, असं एकच एकत्रित प्रमाणपत्र मागून घ्या. शिफारसपत्रात 'परत आल्यावर पुन्हा कामावर घेऊ' हे वाक्य मिळालं तर फार मोलाचं. तसं लिहून द्यायला वरिष्ठ कचरत असतील तर 'जागा असल्यास प्राधान्य देऊ' एवढं तरी मागा. मसुदा स्वतः इंग्रजीत टाइप करून न्या, म्हणजे टेबलावर पडून राहत नाही.

आता प्रेरणापत्र, दोन पानांच्या आत. माझ्या मते अर्ज तरतो किंवा बुडतो तो इथेच. माण तालुक्यात नळपाणी योजनांवर काम करणाऱ्या एका मुलाने मला मसुदा दाखवला होता. पहिलं वाक्य 'पाणी म्हणजे जीवन', मग भारताची लोकसंख्या, मग हवामानबदल. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुझी कुठली योजना बंद पडली, ते सांग." आणि तो बोलायला लागला. टाकी बांधून झाली, घरोघर नळ आले, माणशी रोजच्या ५५ लिटरचा हिशोब कागदावर चोख बसला. पण मार्चमध्ये विहीर तळाला गेली, कारण वरच्या अंगाला डाळिंबाच्या बागांसाठी नव्या बोअर पडल्या होत्या. नळाला पाणी नाही म्हणून लोकांनी पाणीपट्टी भरली नाही, पाणीपट्टी नाही म्हणून पंपाचं वीजबिल थकलं, मग वीज तोडली. एप्रिलमध्ये गावात टँकर. "हेच लिही," मी म्हटलं. निवड समितीला अशी माहिती दुसरा कुणी देऊ शकत नाही.

एवढ्यावर थांबायचं मात्र नाही. या प्रश्नात तुम्हाला काय येत नाही, तेही लिहा. त्या मुलाला पाइपलाइनचं डिझाइन येत होतं, पण अख्ख्या पाणलोटाचा भूजलाचा ताळेबंद कसा मांडायचा आणि वरच्या गावाशी पाण्याची वाटणी कशी ठरवायची, हे येत नव्हतं. अभ्यासक्रमातले कुठले विषय ते शिकवतात, त्यांची नावं घ्या. मग परत आल्यावर कुठल्या टेबलावर बसून काय बदलणार, हे सांगा. 'देशसेवा करीन' हे मनापासून असलं तरी कागदावर पोकळ दिसतं.

बाकीचं सोपं आहे. सीव्ही 'युरोपास' या युरोपातल्या ठरावीक नमुन्यात करा. सीव्ही आणि पत्र दोन्हींवर हाताने सही आणि तारीख घाला. आयईएल्टीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा जूनपर्यंत उरकून घ्या.

पैशांबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सध्या दरमहा ९९२ युरो मिळतात, शिवाय आरोग्यविमा आणि प्रवासभत्ता. काटकसरीने राहिलं तर एकट्याचं नीट भागतं. घरचा हप्ता त्यातून फेडायचा विचार करू नका, तेवढी तजवीज इथेच करून निघा.

निवड झाली की रजेचा अर्ज करताना एक गोष्ट पाहा. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी बहुतेकांना जर्मनीत काही महिने जर्मन भाषेचा वर्ग करावा लागतो, आणि त्याचीही तारीख निवडीच्या पत्रात असते. रजा त्या तारखेपासून मागा.