गाडीवर पॉलिश मशीन फिरवताना

पावसाळाभर चिखल खाल्लेली गाडी खंडेनवमीच्या पूजेआधी चमकली पाहिजे, असं कोल्हापुरात घरोघरी वाटतं. मशीन हाताशी असेल तर हे काम अंगणातही होतं. मात्र मशीन कोणत्या प्रकारचं आहे ते आधी पाहा. रोटरी मशीनचं पॅड जागच्या जागी गरगर फिरतं. ओरखडे झटपट काढतं आणि हात चुकला तर रंगही तितक्याच झटपट काढतं. ड्युअल ॲक्शनचं पॅड फिरता फिरता हेलकावतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नवख्याने हेच घ्यावं, दुकानदार काहीही सांगो.

गाडी शाम्पूने धुऊन कोरडी करा. तरीही बोटांना खरखर लागली तर पाण्याचा फवारा मारत क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवा. मातीचा एक कण जरी पॅडखाली राहिला, तरी तो रंगावर गोल रेघा ओढत बसतो. काळं प्लास्टिक, रबर आणि पत्र्याच्या कडा मास्किंग टेपने झाका. कडेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पातळ असतो, तिथे रंगाखालचा प्रायमर उघडा पडायला वेळ लागत नाही.

काम सावलीत, पत्रा गार असताना करा. डोळ्यांना चष्मा लावा, ओढणी किंवा सैल बाही आवरा आणि वायर खांद्यावरून मागे टाका. फोम पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्या. पॅड पत्र्यावर टेकवूनच बटण दाबा, नाहीतर निम्मं पॉलिश तुमच्या शर्टावर. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग धरा. आधी कमी वेगाने पॉलिश पसरवा, मग वेग मध्यमवर न्या. पॅड सपाट ठेवून सेकंदाला इंच-दीड इंच सरकवा. आधी आडवं, मग उभं. दाब द्यायची गरज नाही, मशीनचं वजन बहुतेक वेळा पुरतं. मधून मधून पत्र्याला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तिथून हला. मायक्रोफायबरने पुसून मोबाईलचा टॉर्च तिरका मारला की राहिलेल्या रेघा दिसतात. बुलेटच्या टाकीसारख्या गोलाईवर लहान पॅड लावा.

पॅड बदलताना प्लग काढाच. काम संपल्यावर पॅड साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. मशीन पॅडवर टेकवून ठेवलं की फोम दबून वाकडा होतो आणि पुढच्या वेळी हातात थरथर येते. हवेच्या जाळीतली पांढरी भुकटी ब्रशने किंवा हवेच्या झोताने उडवा. मोटर तापण्याचं नेहमीचं कारण तेच.

मोटर अडखळू लागली, आत ठिणग्या जास्त दिसू लागल्या, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे तुकडे, तपासा. बऱ्याच मशीनमध्ये दोन बाजूंच्या टोप्या स्क्रू ड्रायव्हरने उघडतात. झिजले असतील तर दोन्ही कार्बन एकदमच बदला आणि जुना तुकडा नमुन्याला घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. नुसत्या मॉडेलच्या नावावर आणलेला कार्बन खाचेत बसेलच असं नाही. कार्बन बदलूनही जळका वास येत राहिला, तर मोटर स्वतः न उघडता वाइंडिंगवाल्याकडे द्या. एक्स्टेंशन बोर्ड अर्थिंगचा, जाड वायरचा वापरा आणि वायर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळीतच ठेवलेली वायर तापते.